मंडळांनो, अर्धा तास पोरांना द्या

भोरहून महाडच्या रस्त्याला लागलं की नीरा देवघरचं पाणी सोबत करतं, हिर्डोशी लागते आणि पुढं वरंध घाट. इथल्या पावसात पखवाजाचं चामडं सैल पडतं. वादक हातोडीनं गठ्ठे ठोकतो, डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो आणि सूर पेटीशी जुळला की मगच बुवा अभंग उचलतात. वाद्यं वर्गणीतून, सराव देवळात, अभंग संतांचा आणि चाल भजनी मंडळाची. कंपनी नाही, मालक नाही. शहरात ज्याला इंडी बँड म्हणतात, त्याचा पाया मावळात कधीचा घातलेला आहे.

मग गिटार शिकलेल्या इथल्या पोराचं अडतं कुठं? मंचापाशी.

मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा प्रवास बघा. 1984 ची सुरुवात. महेश तिनईकर गिटारवर, गायला उदय बेनेगल. आधी परदेशी बँडची गाणी वाजवली, मग 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1993 मध्ये गाजलेलं नाव सोडून ते इंडस क्रीड झाले. 1997 मध्ये बँड मोडला, 2010 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 2012 मध्ये नवा अल्बम आला. हे घडलं, कारण दुसऱ्यांच्या गाण्यांकडून स्वतःच्या गाण्याकडे जाताना ऐकणारे समोर होते. धोबीतलावच्या रंगभवनात कॉलेजची पोरं रॉक ऐकायला गर्दी करायची. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमांत तिथल्या मैफली थांबल्या आणि नव्या बँडची एक पायरीच गेली.

पुण्यात 2010 मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, चांगलंच झालं. पण एवढ्या मोठ्या मंचावर कुणी थेट चढत नाही. त्याआधी गावानं ऐकावं लागतं. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडनं संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सवर घेतले, लोकांनी ते मनापासून ऐकले. म्हणजे कान तयार आहेत.

भोर-वेल्ह्यातल्या गणेश मंडळांना म्हणूनच थेट सांगणं आहे. वर्गणी गावाची आणि दहा दिवस वाजणार डीजेच्या भिंती, हे थांबवा. एका संध्याकाळी अर्धा तास आपल्या पोरांना द्या. अट एकच, गाणं त्यांचं स्वतःचं हवं. भजनी मंडळातल्या पखवाजवाल्यालाही सोबत बसवा, ताल कसा धरायचा ते पोरांना कळेल. शाळेचा वर्ग संध्याकाळी सरावाला उघडा.

पहिल्या वर्षी सूर हुकेल, ताल सुटेल, मागून कुणीतरी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करेल. ती मान्य करू नका. दुसऱ्या वर्षी त्याच पोरांना पुन्हा बोलवा.