परातीत नसलेला चमचा

(रंगमंचावर स्टूल, त्यावर परात, परातीवर रुमाल. कलाकार पदर खोचल्यासारखं करतो.)

मंडळी, बडोद्यातली संक्रांत. गच्चीवर पुरुषमंडळी 'काय पो छे!' ओरडतायत आणि खाली दांडिया बाजारातल्या काकूंचं हळदीकुंकू रंगलंय. काकूंनी परातीत बारा वस्तू मांडल्यात: अडकित्ता, फणी, किल्ली, बोर, भोवरा, असं काहीबाही. (रुमाल उचलून लगेच टाकतो.) "झालं! लिहा आता!"

एका मामींनी तीनच वस्तू लिहिल्या. पण फणी कुठून घेतली असेल, केवढ्याला पडली असेल, हे तोंडी सांगितलं. शेजारच्या वहिनींनी पाच लिहिल्या. त्यातला चमचा परातीत नव्हताच.

"अहो, चमचा कुठाय?"

"नसेल. पण असायला हवा होता!"

(प्रेक्षकांकडे वळून) काकूंना वाटतं, खेळ त्यांच्या माहेरचा. पण किपलिंगच्या 'किम' कादंबरीत, 1901 साली, सिमल्याचा लर्गन साहेब पोराला हेर बनवताना हेच करतो. तिथे तबकात रत्नं असतात. पुढे बेडन-पॉवेलनी तो स्काउटच्या पोरांना लावला.

इकडे बारापैकी पाचच, त्यातही चमचा खोटा, म्हणून वहिनी हिरमुसल्या. उगाचच! जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये तीन ओळींत बारा अक्षरं दाखवली, सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. लोकांना सांगता आली चार-साडेचार. मग त्यानं युक्ती केली: अक्षरं नाहीशी होताच शिट्टीसारखा सूर, आणि सुरावरून कळणार कुठली ओळ सांगायची. आता कुठलीही ओळ विचारा, चारातली तीन अक्षरं बरोबर! म्हणजे दिसलं होतं जवळजवळ सगळं. सांगेसांगेपर्यंत उडून गेलं. 1997 मध्ये लक आणि व्होगेल या संशोधकांनी रंगीत चौकोन दाखवून मोजलं, तेव्हाही आकडा चाराच्या आसपासच आला. वहिनींच्या पाचातून चमचा वजा करा. किती उरले?

(फिरकी काखोटीला मारून, काकांच्या आवाजात) "हॅं! मी एका नजरेत बारा सांगतो!"

काका, जरा जपानमधल्या इनुयामाला जाऊन या. तिथल्या आयुमू नावाच्या चिंपांझीला पाच आकडे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे दाखवले आणि झाकले. पठ्ठ्यानं ते क्रमानं दाबले, शंभरात ऐंशी वेळा बरोबर. कॉलेजची पोरं चाळिशीतच अडकली. हे छापून आलं 2007 मध्ये. नंतर भरपूर सराव करून माणसांनी त्याला गाठलं म्हणा.

तेव्हा घरी परात मांडलीत, तर चार सांगणाऱ्याला हसू नका, तिळगूळ द्या. चमचा सांगणाऱ्याचा मात्र एक गुण कापा.