पणजी शोधण्याची सोपी पद्धत

आधी नाव मिळवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पणजीचं नाव विचारलंत, की उत्तर येईल, 'बाई'. नवऱ्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही आणि पोरंबाळं बाईच म्हणत, त्यामुळे खऱ्या नावाची कुणाला गरजच पडली नाही. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं असेल, तर माहेरचं नाव निराळं. एक नाव शोधायला निघालात, आता दोन बेपत्ता आहेत. प्रगती आहे.

मग घराण्याची कथा ऐका. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा लुटालुटीने आणि दुष्काळाने कितीतरी गावं ओस पडलेली होती. पुढे पडीक जमिनी सवलतीच्या साऱ्याने लागवडीला दिल्या गेल्या. शहादा-तळोद्याकडच्या घरांत सांगतात, आपला मूळ पुरुष बैलगाडी घेऊन आला, त्याने रान तोडलं, विहीर खणली. गाडीत आणखी कोण होतं, असं विचारून बघा. सगळे चहा प्यायला लागतात. घराण्याला मूळ पुरुष असतो, मूळ बाई नसते. (गाडीतली बाई बहुधा खापरपणजी असेल. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.)

वंशावळीची वही वाचणारा भाट गाठलात तर सात पिढ्यांचे मुलगे ओळीने ऐकवील. बायकोच्या जागी बहुतेक तिच्या बापाचं गाव असतं. तेही टिपून घ्या, पुढे लागेल.

आता कचेरी. शहादा-तळोद्याचा नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी सगळं धुळ्यात. १९०६ पूर्वी तर धुळे-जळगाव मिळून एकच खानदेश जिल्हा. पणजी गावाबाहेर फारशी गेली नसेल, पण तिच्या कागदांसाठी तुम्हाला एसटीचा पास काढावा लागेल.

रेकॉर्ड रूमबाहेर रांग असते.

'काय काम शे?'

'पणजीचं नाव शोधतोय.'

'व्हॅलिडिटी?'

'नाही.'

'मग जमिनीचा वाद?'

'नाही.'

समोरचा माणूस प्रेमाने बसायला खुर्ची देतो. व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, जुने पुरावे लागतात, पण ते वडिलांकडचे. पणजीच्या कागदासाठी आजवर कुणी रांग लावलेली नाही.

तिच्या बापाच्या गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव सापडेल. मूल म्हणून नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असणं अगदी शक्य आहे, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. जुनी पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा शोधा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे त्यांना फार मागणी आहे, तेव्हा पणजीला नंबर लावून ठेवा.

खरा खजिना फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. इथे एक अट आहे आणि ती सांगताना मलाच ओशाळायला होतं: पणजोबा लवकर वारलेले असावे लागतात. नवरा म्हातारा होऊन गेला असेल तर तेव्हा जमीन कर्त्या मुलांच्या नावावर चढायची आणि बाई कागदावर यायचीच नाही. पण पोरं लहान असतील तर मुलाच्या नावापुढे तलाठी लिहायचा, 'अ.पा.क. आई', आणि पुढे चक्क तिचं नाव. अ.पा.क. हे कुणा नातेवाइकाचं नाव नव्हे (माझे दोन दिवस त्यात गेले), तर अज्ञान पालनकर्ती. नांगर, सावकार, सारा हे सगळं तिने कसं निभावलं ते त्यात नसतं. तीन अक्षरं असतात.

त्यानंतर दहा-बारा वर्षं पुढची पानं चाळा. 'मुलगा सज्ञान झाल्याने अ.पा.क. शेरा कमी केला' अशी नोंद मिळेल. सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस झालेला असेल. म्हणून संगणकावरच्या सातबाऱ्यावर भागवू नका. जुना, हाताने लिहिलेला मागा, आणि नकलेच्या अर्जात 'कशासाठी' या रकान्यात काय लिहायचं ते घरूनच ठरवून जा.