कामावर जाणारी नदी

नदीला भेटायला जाताना तिची वेळ घ्यावी लागते, हे कोलाडला गेल्याशिवाय पटत नाही. कुंडलिकेत राफ्टिंग करायचं तर सकाळी वेळेवर हजर व्हायचं. उशीर झाला तर नदी थांबत नाही. पात्र तिथंच असतं म्हणा, पण पाणी पुढे गेलेलं असतं आणि मागे उरतात गोटे.

ही शिस्त तिला लागली विजेमुळे. रावळजेच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की साजे गावापासून पुढे सुमारे 12 किलोमीटर कुंडलिका उसळत निघते. बारा महिने राफ्टिंग होतं म्हणून तिचं कौतुक होतं. त्या कौतुकाचा निम्मा मान टर्बाइनचा.

शिवाय हे पाणी मुळात इकडचं नाहीच. मुळशीचं पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेकडे वळवलं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून आणि मग नळांतून ते सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला येऊन आदळतं. तिथलं वीजघर 1927 सालचं. त्या धरणाखाली गावं आणि भातखाचरं बुडाली. त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन घेऊन आलेलं हे पाणी भिऱ्याला एक पाळी करतं, रावळज्याला दुसरी आणि मग आपल्याला गदागदा हलवायला मोकळं होतं. उपसागराकडे निघालेलं पाणी अखेर रेवदंड्याला अरबी समुद्रात उतरतं. बदली झालेल्या सरकारी नोकराइतकंही त्याला कोणी विचारलं नसेल.

अशा नोकरदार नदीत उड्या मारायला येतात तेही बहुतेक नोकरदारच. शनिवारी कंपन्यांच्या बसगाड्या लागतात. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवलं की साहेब कोण आणि कालच लागलेला पोरगा कोण, ते कळेनासं होतं. राफ्ट फुगवलेल्या रबराची. तिच्या कडेवर बसायचं, पाय आत रुतवायचे आणि वल्ह्याचं टोक मुठीत धरायचं, नाहीतर ते शेजारच्याच्या दातांवर बसतं. मागे बसलेला गाइड गावातलाच, विशीतला. तो ‘फॉरवर्ड’ म्हणाला की सगळ्यांनी पुढे ओढायचं, ‘स्टॉप’ म्हणाला की थांबायचं. ऑफिसात पंधरा मेल पाठवूनही न हलणारी माणसं इथं एका हाकेसरशी हलतात. साहेब तर सर्वांत आधी. समोर पांढरं पाणी दिसत असताना ‘यावर एक मीटिंग घेऊ’ असं कोणालाच सुचत नाही.

वेळापत्रकाचा कंटाळा आला असेल तर मात्र नदी सोडून वर जावं. ताम्हिणी घाटातल्या पिंपरीजवळ कुंडलिकेची दरी उभीच्या उभी कापलेली आहे. पावसाळ्यात ती बघायला हजारो लोक जातात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ती दिसत नाही. कठड्याशी गर्दी असते आणि समोर नुसता ढग. आधी येऊन गेलेला एखादा गृहस्थ बायकोमुलांना बोट करून सांगत असतो, ‘‘तिकडे धबधबा आहे, आणि त्याच्या डावीकडे दुसरा.’’ घरचे मान डोलावतात. मग ढग जरासा विरतो, समोरच्या कड्यावरून ओघळणारी एक बारीक रेघ दिसते, ‘‘दिसला, दिसला!’’ होतं आणि मोबाइल वर होईपर्यंत पडदा पडलेला असतो. तरी कोणी तक्रार करत नाही. कणसावर लिंबू जरा जास्त पिळून घेतात, एवढंच.

पिंपरीहूनच अंधारबनाची वाट सुटते. तेरा-एक किलोमीटर, बरीचशी दरीच्या कडेकडेनं आणि शेवटी उतरत भिऱ्यापर्यंत. झाडी इतकी दाट की भर दुपारी चष्मा काढून पुसावासा वाटतो. मध्येच ओळखीच्या माणसानं हाक मारावी तशी शीळ येते. मागे वळून बघावं तर कोणी नसतं. ही शीळ कस्तूर पक्ष्याची. पावसाळा लागला की तो शीळ घालू लागतो. सुरुवात झोकात करतो आणि पुढची चाल विसरल्यासारखा भलतीकडेच भरकटतो. वाटेत हिर्डी गाव लागतं. तिथं कोणाच्या पडवीत पिठलं-भाकरी पुढ्यात आली, की उरलेली वाट किती आहे हे विचारायचं राहून जातं. इथं मर्जी चालते ती पावसाची. तो जोरात असला की ओढे अडवतात, वनखातंही वाट बंद ठेवतं, आणि मग मुकाट्यानं घरी फिरायचं.

घरी फिरायचं म्हणजे फार काही बिघडलं असंही नाही. सुट्टीच्या दिवशी पंख्याखाली लोळणाऱ्यांना आपण सह्याद्रीप्रेमी उगाच नावं ठेवतो. त्यांचे पंखे फिरतात म्हणून वीज लागते, वीज लागते म्हणून टर्बाइन फिरतात, आणि टर्बाइन फिरतात म्हणून आपल्या राफ्टखाली लाट येते. तेव्हा सोमवारी ऑफिसात फोटो दाखवताना त्या लोळणाऱ्यांचेही आभार मानावेत. हातभार त्यांचाही असतो, आणि तोही कपडे न भिजवता.