निर्मनुष्य जागेसाठी अर्ज

बसा. चहा ठेवलाय. साखर कमी हवी असेल तर आत्ताच सांगा, कारण माझं सांगणं एकदा सुरू झालं की ते मागे ट्रेलर लावलेल्या गाडीसारखं असतं. थांबायला वेळ लागतो, आणि मागे घेता तर येतच नाही.

मी 31 वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. लोकांच्या तक्रारींवर शिक्के मारले, त्यांना क्रमांक दिले आणि त्या योग्य त्या कपाटात झोपवल्या. स्वतःची तक्रार कधी दाखल केली नाही. ही पहिलीच. म्हणून म्हणतो, सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात, पर्थला असतो. खाणीच्या कंपनीत आहे. डिसेंबरात सुटीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी पोह्यांवर तर्री ओतता ओतता म्हणाला, "मामा, आपण कॅम्पर घेऊन जाऊ. गाडीच्या मागे ओढत. एकदम रिमोट." तिकडे म्हणे गिब रिव्हर रोड नावाचा 660 किलोमीटरचा रस्ता आहे, मुळात गुरं नेण्यासाठी केलेला. लोक त्यावर मागे घर बांधून जातात. "मामा, तिथं अख्खा दिवस माणूस दिसत नाही."

मी म्हटलं, "अरेरे."

तो कौतुकाने सांगत होता, हे मला उशिरा कळलं.

आता आपण हिंगणेकर. नागपूरची मेट्रो 2020 साली या बाजूला धावू लागली ती आमच्या अलीकडे लोकमान्यनगरला येऊन थांबली. पुढे यायला तिला अजून मुहूर्त मिळायचा आहे. ज्याला मेट्रोनेही लांब मानलं, त्या माणसाला आणखी किती लांब न्यायचं? बरं, ऑफ-रोडचं म्हणाल तर आमच्या तालुक्यात शेतात जाणारी पांदण हा रस्ता आहे की ओढा, यावर घराण्यांची भांडणं चालू आहेत. पांदण मोकळी करून मिळावी म्हणून लोक तहसीलदाराकडे जातात. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 आहे, महसूल संहितेचं कलम 143 आहे, आणि 2021 पासून तर मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजनाही आहे. म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे रस्ता मागताहेत, आणि आमचा भाचा पर्थहून विमानाचं तिकीट काढून आलाय तो रस्ता नसावा म्हणून! ही विसंगती मी त्याच्या निदर्शनास आणून दिली. त्याने मला व्हिडिओ दाखवला.

तुम्हाला कोणी व्हिडिओ दाखवला की समजायचं, निर्णय वरच्या पातळीवर झालेला आहे.

ट्रेलर आला. चाकं दोन, वर पत्र्याची पेटी, पेटी उघडली की तंबू आणि गादी. त्याचा नोंदणी क्रमांक वेगळा, आरसी वेगळी, विमा वेगळा. एकाच घरात राहून शिधापत्रिका वेगळी करून घेतलेल्या धाकट्या भावासारखा तो माझ्या बोलेरोच्या मागे उभा राहिला. ओढायचं मी, आणि तोरा त्याचा. नियमात ट्रेलरचेही वर्ग आहेत. 750 किलोपर्यंत एकूण वजनाचा टी-1, त्यावरचा साडेतीन टनांपर्यंत टी-2. आमचा टी-1, म्हणजे वर्ग चारचा कर्मचारी. त्यालाही स्वतःची सेवापुस्तिका होती.

भाच्याने मग वजनाचं शास्त्र काढलं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या चोचीवर, म्हणजे गाडीला अडकतो तिथे, पडला पाहिजे. कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवतो, जास्त पडला तर गाडी मागून बसते आणि तोंड वर करून आभाळाकडे पाहते. हे मोजायला आम्ही एमआयडीसीतल्या धरमकाट्यावर गेलो. पुढे लोखंडाच्या सळयांचा ट्रक, मागे कापसाची गाडी, मध्ये आम्ही. काट्यावरच्या पोराने विचारलं, "माल का आहे जी?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "गादी, तंबू, स्वयंपाकाचं सामान." त्याने आमच्याकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं, आणि पावती फाडून दिली. वजन : 640 किलो. माल : भंगार.

ती पावती मी जपून ठेवली आहे. वेळ आली की सादर करीन.

640 चा दहावा हिस्सा 64. आता हे 64 किलो चोचीवर आणण्यासाठी आमच्या घरात तीन दिवस बदल्यांचा हंगाम चालला. बायकोने बाहेरच्या पिठाचा भरवसा नाही म्हणून दहा किलो कणीक दिली होती, ती पुढे. पाण्याचे कॅन मागे. लोणच्याची बरणी आधी मागे, मग मध्ये, मग विनंतीवरून पुन्हा पुढे. भाचा माणशी रोजचं पाच लिटर पाणी धरत होता, मामी माणशी रोजच्या पाच पोळ्या. दोघांचेही अंदाजपत्रक मंजूर झाले आणि 64 चे 90 झाले. दोष कोणावर ठेवला गेला? माझ्यावर. मी माझी आरामखुर्ची चोचीजवळ ठेवली होती.

या नियोजनाची यादी मी पाहिली आहे. तुम्ही पाहू नका. तिकडच्या जाणकारांचा पहिला सल्ला, सॅटेलाइट फोन जवळ ठेवा, अडचणीत मदत लवकर येते. आपल्याकडे तो बिनपरवाना जवळ ठेवला तर मदत येत नाही, पोलिस येतात, आणि तेही लवकर. दुसरा सल्ला, समोर भक्कम बुलबार लावा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याला डिसेंबर 2017 मध्येच मनाई केली आहे. तिकडे जे जे सुरक्षिततेचं, ते ते इकडे दंडनीय. भाच्याने यादीतली एकेक ओळ खोडताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू राजपत्र मी रात्री बसून लिहितो.

तिसरा सल्ला मात्र कायदेशीर होता : कच्च्या रस्त्यावर टायरची हवा कमी करा, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण हे टी-पॉइंटजवळच्या पंक्चरवाल्याला कोण सांगणार? मी सांगितलं. त्याने तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"हवा काढाची? कोनाच्या गाडीची?"

"माझ्याच."

"काहून जी? घरी भांडन झालं का?"

मी पकड, क्षेत्रफळ वगैरे समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हवा भराचे पैसे घेतो मी. काढाचं पाप नाही घेत." मी स्वतः काडी घालून चारही टायरची हवा सोडली, तेव्हा आठवीतली तीन पोरं सायकली थांबवून बघत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "काकाले कोनी सांगितलं नाही वाटते."

पण मुख्य अन्याय यापुढे आहे. चहा घ्या.

ट्रेलर मागे घेणं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो आणि डावीकडे फिरवलं की उजवीकडे. यावर तिकडची युक्ती अशी, की स्टिअरिंग खालून धरायचं. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. मी खालून धरलं. ट्रेलर आधी शेजाऱ्यांच्या तुळशीकडे गेला, मग आमच्याच फाटकाकडे, आणि शेवटी वळून बोलेरोच्या दाराशी येऊन असा उभा राहिला की जणू काही विचारायचंय. अडतीस मिनिटं. गल्लीतल्या पाच घरांचे लोक बाहेर खुर्च्या घेऊन. आणि लक्षात घ्या, आम्ही राहतो कुठे? ज्या गावच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचा कारखाना आहे, तिथे! इथे ट्रॉली मागे घेता येणं म्हणजे साक्षर असणं. एक विशीतला ट्रॅक्टरवाला कापूस रिकामा करून परत चालला होता. तो थांबला. "काका, उतरा जरा." चढला, एका हाताने मोबाइल कानाला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग, बोलता बोलता ट्रेलर फाटकातून आत, भिंतीपासून वीतभर अंतरावर. फोनवरच्या माणसाला तो सांगत होता, "काही नाही बे, एका काकाचा ठेला अडकला होता."

ठेला.

भाच्याने माझं सांत्वन करायला इतिहास काढला. हौसेखातर भटकण्यासाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरांनी 1885 साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या कारखान्यातून बांधून घेतली. नाव 'द वाँडरर', वजन सुमारे दोन टन, ओढायला घोडे. डॉक्टरसाहेब आत आरामात, आणि त्यांचा नोकर पुढे तीनचाकी सायकलवरून लोकांना सावध करत चाललेला. भाचा यात डॉक्टर पाहत होता. मी तो नोकर पाहत होतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत त्या माणसाचं म्हणणं काय होतं हे कोणी नोंदवून ठेवलेलं मला आढळलं नाही. आणि आपल्याकडे बायाबापड्या महादेवाच्या यात्रेला बंडीत गवत टाकून, त्यावर सतरंजी अंथरून पंधरा-पंधरा दिवस जात होत्या, त्या बंडीला कोणी कॅम्पर म्हटलं का? तिचा व्हिडिओ निघाला का? बैलांची हवा कोणी कमी केली का?

असो. जायचं कुठे, हा प्रश्न शेवटी आला. नकाशावर भाच्याचं बोट मेळघाटावर पडलं. 1973-74 साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. परतवाड्याच्या पुढे घाट, घाटापुढे सेमाडोह, मग सिपना नदीच्या काठी कोलकास. फोनला रेंज मिळाली तर नशीब. भाचा खूश. मी एवढंच विचारलं, की रात्री जंगलात आपलं बिऱ्हाड थाटता येतं का? नाही येत. मुक्काम करायचा तो नेमून दिलेल्या विश्रामगृहात, त्यांच्या खाटेवर. म्हणजे अंथरूण घरून ओढत अडीचशे किलोमीटर न्यायचं, घाट चढवायचं, आणि ते दाराबाहेर ठेवून दुसऱ्याच्या गादीवर झोपायचं. वाघाला हे कळलं तर तोही हसेल. 2021 साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, ते मी कौतुकाने वाचलं. पण धोरणाला झोप लागते, माणसाला लागायला जागा लागते.

तेव्हा ठरलं, आधी रंगीत तालीम. कान्होलीबाऱ्याच्या पुढे माझ्या साडूची पडीक जमीन आहे, टेकडीच्या आडोशाला. रस्ता नाही, वीज नाही, रेंज नाही. भाच्याने उपग्रहाच्या चित्रावर पाहिलं आणि म्हणाला, "मामा, परफेक्ट. एकही घर नाही." आम्ही दोघंच निघालो. पांदणीत शिरलो. दोन्हीकडे तूर उभी, एका बाजूला कोणी तरी हरभऱ्याला ओलीत करत होतं, आणि त्याचं पाणी धुरा फोडून पांदणीत आलं होतं. काळी माती कोरडी असते तेव्हा दगड, ओली झाली की सासुरवाडी. धरलं की सोडत नाही. बोलेरो निघाली, ट्रेलर राहिला. मग बोलेरोही राहिली.

भाच्याचे डोळे चमकले. हाच तो क्षण. त्याने गाडीतून प्लास्टिकच्या फळ्या, पट्टे, हातमोजे काढले. "मामा, आता आपल्यालाच निघायचं. इथे मदत मिळणार नाही."

मी घड्याळ पाहिलं. सवय आहे. चार मिनिटांत सात माणसं जमली. तुरीतून दोन, बंधाऱ्याकडून एक, मोटरसायकलवर तीन, आणि एक म्हातारबुवा असे आले की जणू ते तिथेच होते, आम्हीच नंतर आलो. "का झालं जी?" "कोनाकडचे?" "हे का आहे मागं, पोल्ट्री का?" एकाने भाच्याच्या हातातली फळी घेऊन उलटसुलट पाहिली आणि बसायला वापरली. एकाने चहा सांगितला. कोणाला सांगितला, हे मला दिसलं नाही, पण चहा आला. ट्रॅक्टर आला, दोर बांधला, आम्ही बाहेर. भाच्याचे हातमोजे कोरे राहिले. तो इतका हिरमुसला, की ट्रॅक्टरवाल्याने त्याला विचारलं, "पुन्हा फसवून देऊ का?"

पडिकावर पोचलो. माणसं गेली. तंबू उघडला. ऊन उतरलेलं, टेकडीवर सागाची वाळकी पानं, लांब कुठे तरी पंप. भाचा खुर्ची टाकून म्हणाला, "मामा, आता बघ. सकाळपर्यंत कोणी नाही."

तेवढ्यात पांदणीतून एक मोटरसायकल आली. मागच्या सीटवर पिशवी. माणूस उतरला, पायातली माती झटकली, आणि माझ्याकडे पाहून असा हसला की मला सगळं कळलं. तो साडूच्या चुलतभावाचा मेहुणा होता. हिंगण्याला घरी गेला होता, मी नव्हतो. मग पांदणीच्या तोंडाशी विचारलं. सगळ्यांनी एकच दिशा दाखवली. त्याने पिशवीतून पत्रिका काढली, हळदीचं बोट लावलेली, आणि माझ्या हातात दिली.

"लग्न 27 तारखेला आहे जी. सगळ्यांनी या लागते."

मी येतो म्हटलं. तो ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आला. गादी दाबून पाहिली.

"हे आनजा सोबत. पाहुणे खूप आहेत, चार जन झोपतीन याच्यात." मोटरसायकलला किक मारली, मग थांबला. "फक्त आमची गल्ली लहान आहे. रिव्हर्सच न्या लागते. येते नं तुम्हाले?"