आजोबांची मुंज, मे २०१९ : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : तीन मोबाइल (पैकी एक बंद पडलेला), एक जुना डिजिटल कॅमेरा, काकांची हार्ड डिस्क, कपाटावरच्या खोक्यातले फोटो आणि फॅमिली ग्रुप. हे सगळं एका फोल्डरमध्ये ओता आणि फोटो तारखेवार लावणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. थोड्याच वेळात घराण्याचा इतिहास नव्याने लिहून मिळेल. आजोबांची मुंज २०१९ साली लागलेली असेल, त्यांच्या नातवाचं बारसं त्याआधीच आठ वर्षं उरकलेलं असेल आणि गोव्याची सहल १ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाचला निघालेली असेल. घाबरू नये. पहिल्या दिवशी एवढं होतंच.

त्या साडेपाचची भानगड आधी मिटवू. युनिक्स पद्धतीची कालगणना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री, ग्रीनिचच्या घड्याळाने सुरू होते. तारखेच्या जागी शून्य असलं की संगणक बेधडक तो क्षण सांगतो, आणि आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. डॉसच्या वारशातल्या फाइली १९८० दाखवतात. एमपी४ व्हिडिओंची मोजणी तर १९०४ पासून. तेव्हा मुलीचा गॅदरिंगमधला नाच लॉर्ड कर्झनच्या काळातला दिसला, तर तारखेची जागा रिकामी आहे एवढंच समजावं.

पाठ पहिला : एका फोटोला किती तारखा? फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते. तिच्यात तीन : फोटो काढल्याची, तो डिजिटल झाल्याची आणि बदलल्याची. शिवाय फाइल तयार झाल्याची, फाइल बदलल्याची आणि नावातली. विंडोजमध्ये फोटो पेनड्राइव्हवर उतरवला की ‘तयार झाल्याची’ तारीख आजची होते, ‘बदलल्याची’ मात्र जुनीच राहते. म्हणजे दुरुस्ती आधी आणि जन्म नंतर. भरवसा एकीवरच ठेवावा : ‘डेट टाइम ओरिजिनल’, म्हणजे फोटो काढल्याची. ती नसेल तर सॉफ्टवेअर उरलेल्यांतली एखादी उचलतं, तुम्हाला न विचारता.

पाठ दुसरा : आजोबांची मुंज. खोक्यातल्या फोटोचा आत्याने मोबाइलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना एक्झिफ पुसतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात २०१९०५१४ असे आकडे येतात, ते फोटो तुमच्या मोबाइलवर पोचला त्या दिवसाचे. सॉफ्टवेअर तेच प्रमाण मानतं. एक्झिफ वाचवण्याचा उपाय सोपा आहे : पाठवणाऱ्याने फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. हे आत्याला समजावण्याची कृती या मार्गदर्शिकेच्या आवाक्याबाहेरची आहे.

पाठ तिसरा : लग्न. हा पाठ सावकाश वाचावा. डिसेंबरातलं लग्न, साताऱ्याचं कार्यालय, मुहूर्त दुपारी १२ वाजून १२ मिनिटांचा. वधूचे मामा न्यू जर्सीहून आलेले. कॅमेऱ्यातलं घड्याळ तिकडचंच. त्यांच्या फोटोंत अक्षता रात्री १ वाजून ४२ मिनिटांनी पडतात. चुलतभावाच्या मोबाइलवरचा व्हिडिओ ग्रीनिचची वेळ नोंदवतो. सॉफ्टवेअरने ती बदलून घेतली नाही तर त्यात अंतरपाट सकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी दूर होतो. एका लग्नाला तीन मुहूर्त! एक्झिफमध्ये टाइम झोन लिहायची सोयच २०१६ पर्यंत नव्हती, त्यामुळे मामांना बोल लावू नये.

इथे नवशिका काय करतो? सगळे फोटो निवडून त्यांना एकच तारीख-वेळ देतो. सीमांतपूजन, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, पाठवणी, सगळं एका सेकंदात. तसं न करता फक्त मामांच्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळे काढा आणि सगळे साडेदहा तास पुढे सरकवा. कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ एखाद्या फोटोत आलं असेल तर पडताळा मिळतो, अर्थात ते घड्याळ चालू असेल तर. डिजिकॅम आणि लाइटरूममध्ये वेळ सरकवायची सोय आहे. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल २००३ पासून फुकट मिळतं. ते मूळ फाइल बाजूला ठेवून मगच नव्यात लिहितं. हा गुण माणसांतही विरळा.

पाठ चौथा : दुरुस्ती कुठे लिहिली गेली ते पाहा. गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख फाइलच्या पोटात जात नाही. सगळं उतरवून घेतलं की ती शेजारच्या जेसन फाइलमध्ये येते, आणि ती फाइल कचरा समजून आपण पुसतो.

पाठ पाचवा : खोकं. मुंजीच्या मूळ फोटोमागे शाईने लिहिलंय : वैशाख शुद्ध पंचमी, शके १८८९. त्यात ७८ मिळवा, १९६७ आलं. (पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावेत.) आत्याला विचारलं तर ती म्हणते, ‘कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच वर्षी, पण आधी.’ भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. साक्ष जुळली. आत्याला तास-मिनिटं ठाऊक नाहीत, पण तिची तारीख बावन्न वर्षांनी चुकत नाही.

मागे काहीच लिहिलेलं नसेल तर? एक्सएमपी नावाच्या आणखी एका नोंदीत नुसतं साल चालतं, पण बहुतेक सॉफ्टवेअर पूर्ण तारखेसाठी अडून बसतात. मग १ जानेवारी टाका आणि शीर्षकात ‘अंदाजे’ लिहा. हा शब्द न लिहिल्यास पुढची पिढी सगळ्या पूर्वजांचे वाढदिवस नववर्षदिनी साजरे करील.

आणि जुने फोटो स्कॅन करताना पाठीमागची बाजूही स्कॅन करा, त्याच क्रमांकापुढे ‘मागे’ लिहून ठेवा. शाई फिकी होत चालली आहे.