उडत्या गाण्याचे गंभीर काका

हैदराबादच्या सुलतान बाजार ते काचीगुडा या पट्ट्यातल्या मराठी मंडळींत एक काका हमखास सापडतात. गाण्यांच्या मैफलीत सगळे डोळे मिटून विरहगीतात बुडालेले असताना हे मधेच म्हणणार, ‘हौ, छान आहे, पण आता ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ लावा!’ राजा नवाथे यांचा १९६५चा हा रहस्यपट काकांना फक्त या गाण्यापुरता आठवतो. खून कुणी केला, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. लक्ष्मी छायाचा मुखवटा, टेड लायन्सचा वाद्यवृंद आणि रफीचा सुटलेला आवाज यांवर ते एखाद्या बंदिशीवर बोलावं इतक्या गांभीर्याने बोलतात. शंकर-जयकिशनमधल्या शंकरचं बालपण हैदराबादेत गेलं, हे तर ते स्वतःच्या घरातलं कर्तृत्व असल्यासारखं सांगतात. लोक हसतात. माझ्या मते काका बरोबर आहेत.

आपल्याकडे रडवणाऱ्या गाण्याला आपोआप वजन मिळतं आणि नाचवणाऱ्याला लायकी सिद्ध करावी लागते. दर्दी म्हणतात, ही पाश्चात्त्य उसनवारी. मग त्याच चित्रपटातलं लताबाईंचं गूढ शीर्षकगीत आठवा: त्याची चाल हेन्री मॅन्सिनीच्या ‘शराड’वर बेतलेली आहे, तरी तिथे कुणी हिशेब मागत नाही. दुसरा आक्षेप असा की काकांना गाणं नव्हे, स्वतःचं तारुण्य आवडतं. असेलही थोडं, केस गेल्यावरही रफीच्या तानेसरशी हात भांगाकडे जातोच. पण २००१च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला एक मुलगी आपल्या खोलीत ‘जान पहचान हो’वरच नाचते. तिला ना हिंदी कळत, ना साठच्या दशकाच्या आठवणी. ठेका मात्र कळतो.

अवघड आक्षेप वेगळाच आहे. ‘गुमनाम’मध्येच मेहमूदचा बटलर हैदराबादी बोलतो आणि ‘हम काले हैं तो क्या हुआ’ गातो. शहराची बोली नोकराच्या तोंडी आणि वर रंगावर विनोद! इथे काकांची बाजू लंगडी पडते. मेहमूद ते इतक्या रुबाबात गातो, की हसू त्याच्यावर न येता त्याच्यासोबत येतं, हे खरं. पण नायकाच्या तोंडी ही बोली का नाही, हा प्रश्न उरतोच. काकांना तो मंजूर नाही. ‘नायकाला इतकं चांगलं गाणं झेपलं असतं का?’ एवढं विचारून ते आवाज वाढवतात.