मेगाहर्ट्झराव

उघड्या पोटाचा कॉम्प्युटर, त्याच्या समोर लावलेला घरातला एकुलता एक कूलर आणि बाजूला पदराने, वहीने, मिळेल त्याने वारा घेत बसलेली मंडळी असं दृश्य दिसलं, की तिथे मेगाहर्ट्झराव नांदतात असं खुशाल समजावं. लातूर-नांदेडात ही जमात अलीकडे बरीच बोकाळली आहे.

मेगाहर्ट्झराव मूळचे लातूरचे, शिकायला नांदेडला. सुट्टी लागली की कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने घरी येतात. लोह्याला कंडक्टर म्हणतो, ‘‘ते खोकं मागं ठेवा की.’’

‘‘मास्तर, आत ग्राफिक्स कार्ड आहे. हादरे सोसत नाही.’’

‘‘मग त्याचं अर्धं तिकीट काढा!’’

कार्ड म्हणाल तर जीटीएक्स १०६०, तेही सेकंडहँड. कंपनीने त्याचा वेग, म्हणजे बूस्ट क्लॉक, १७०८ मेगाहर्ट्झ लिहून दिला आहे. मेगाहर्ट्झरावांच्या मते कंपनीने उगाच हात आखडता घेतला. ते कार्डाचा वेग वाढवणारं आफ्टरबर्नर उघडतात, पॉवर लिमिट टोकाला नेतात, कोअरवर शंभर आणि मेमरीवर चारशे मेगाहर्ट्झ चढवतात आणि कार्डाचा कस पाहणारं फरमार्क लावून पडद्यावर गरगरणारं ते केसाळ कडं डोळ्यांची पापणी न लववता बघत बसतात.

‘‘काय करायलास रं? हे अस्वल किती येळ फिरायचंय?’’ आजी विचारते.

‘‘टेस्ट चालू आहे, आजी.’’

पडद्यावर रंगीत ठिपके उडाले की पंधरा उतरवायचे, नाही उडाले तर पंधरा चढवायचे. अगदीच सगळं गोठलं तर रीस्टार्ट. मधेच लाइट गेली तर रीस्टार्टचंही श्रेय महावितरणला.

एवढं करून हे गेम खेळत असतील असा आपला समज होतो. छे! गेम फक्त उघडतात. समोरून शत्रू गोळ्या झाडत असतो आणि हे कोपऱ्यातला एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, वाचत उभे. ५८ चे ६२ झाले की समाधानाने गेम बंद. त्या चार फ्रेम डोळ्यांना दिसतात का, हे विचारणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत.

खरा वैरी मे महिना. १०६० ला ८३ अंशांची लक्ष्मणरेषा आखलेली असते. तिथे पोचलं की कार्ड आपणहून वेग उतरवतं. नांदेडचा पारा ४२ च्या पुढे सरकला, की रात्रभर जागून चढवलेले शंभर मेगाहर्ट्झ दुपारचं ऊन हप्त्याहप्त्याने वसूल करून नेतं. तेव्हा मेगाहर्ट्झरावांनी वॉटर कूलिंगचा विषय काढला. हे कार्ड बाजारात आलं जुलै २०१६ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आणि आजी ते विसरलेली नाही. ‘‘माणसं घागरीला घागर लावून हुबी होती, अन् तू डब्याला पाणी पाजायलास?’’ विषय तिथेच संपला.

वडिलांचं म्हणणं निराळं. ‘‘कंपनीनं जेवढं दिलंय तेवढ्यात भागव की! कशाला ताणतोस?’’

मेगाहर्ट्झराव यावर वडिलांकडे नुसते बघतात. कारण अकरावी-बारावीची दोन वर्षं याच वडिलांनी त्यांना पहाटे चारला उठवून ९४ चे ९६ आणि ९६ चे ९८ करायला बसवलं होतं. पेपरवर पेपर, रिव्हिजनवर रिव्हिजन, हाच तो लातूर पॅटर्न. दोन मार्क घसरले की झोपेतला एक तास कमी. जगभरची पोरं हे ताणणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, यूट्यूबवर शिकतात. लातूर पॅटर्नमधून पास झालेल्याला ते वेगळं शिकावं लागत नाही.

फरक एवढाच, की कार्ड ८३ अंशांवर स्वतःहून मंदावतं आणि त्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही. पोरांत ती सोय अजून बसवलेली नाही. तेव्हा पालकहो, पुढच्या टेस्टचे मार्क विचारण्याआधी एकदा लेकराच्या कपाळाला हात लावून बघा. आणि घरात कूलर एकच असेल, तर तो आधी त्याच्याकडे वळवा.